अकरा दिवस

बडोद्यातला तो माझा चौथा दिवस.
दांडिया बाजार, जिन्याखालच्या दोन खोल्या,
नवरा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसायला गेलेला,
आणि शेजारच्या मधुकांताबेन चहाला आलेल्या.
"मारे चा मीठी जोईए," म्हणाल्या.
इस्लामपुरात मीठ म्हणजे मीठ.
वाटलं, असेल इकडची रीत.
घातलं चिमूटभर, मान राखून.

पहिल्या घोटाला त्यांचं नाक वर गेलं, डोळे मिटले,
मग हसू असं फुटलं की पदर तोंडात कोंबला,
आणि माझा गाल धरून म्हणाल्या,
"अरे गांडी!"

आमच्याकडे यातली दोनच अक्षरं
शाळेमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेली असतात,
लिहिणारा सापडला तर हेडमास्तर विचारत बसत नाहीत.
मी कप उचलले. दार लावलं.
अकरा दिवस बोलले नाही.
नवऱ्यालाही काय सांगू?
सांगायचं तर तोच शब्द तोंडात घ्यावा लागणार.

बाराव्या दिवशी मागच्या बाजूला
तुळशीची कुंडी बदलत होते.
ढेकूळ फुटलं आणि आत ते,
ओलं, तांबूस, करंगळीएवढं जाड.
माहेरी अशा वेळी ओरडायची पद्धत आहे,
माती जिवंत निघाली म्हणून.
मी ओरडले,
"गांडूळ! अगंबाई, केवढं मोठं गांडूळ!"

कठड्यापलीकडे पापडांची थाळी पडली.
मधुकांताबेनच्या धाकट्या हसितचे कान लाल,
त्यांचे सासरे "जय श्रीकृष्ण" म्हणत
चालू पेपर मिटून आत गेले.

संध्याकाळी नवऱ्यानं आम्हा दोघींना ओट्यावर बसवलं.
बरण्या पुसता पुसता लेबलं पाठ झालेला माणूस.
म्हणाला, संस्कृतात गंडूपद.
गंड म्हणजे गाठ. गाठी हीच ज्याची पावलं.
शिवी कसली, चाल आहे ती.
आणि गांडी म्हणजे वेडी, एवढंच.
इथे लेकराला म्हणतात, प्रेमात पडलेल्याला म्हणतात,
रस्त्याकडेला न विचारता उगवणाऱ्या
त्या काटेरी झाडालाही म्हणतात, गांडो बावळ.

"पण हा शब्द आला कुठून?"
ते त्याला माहीत नव्हतं, आणि तसं तो म्हणाला.
मधुकांताबेननी पाय पसरले.
"आव्यो क्यांथी? अहीं ज हतो."
कुठून यायचाय? इथेच तर होता.

मग त्या रात्री जेवणं लांबलीच.
नवरा म्हणाला, आंब्याच्या झाडाला संस्कृतात एक शब्द आहे,
पाटणकर सरांनी मॅट्रिकच्या वर्गात तो फळ्यावर लिहिला,
वाचला नाही, आणि पुसला.
"सांगा ना!"
"छे."
कधीच सांगितला नाही.
फाल्गुनात कमाटीबागेत मोहोर आला
की एकटाच खाली मान घालून हसायचा.

कानात आधीच कुणीतरी राहत असतं.
शब्द नुसती कडी वाजवतो.

मधुकांताबेन गेल्या, त्याला सहा वर्षं झाली.
तो त्यांच्याही आधी.
त्यानंतर मला कुणी गांडी म्हटलं नाही.
वेडी म्हणतात. सून म्हणते, मुलगा म्हणतो.
ते वेगळं.

सून नवीन आहे, गुहागरची.
परवा कोथिंबीर आणायला म्हणून गेली,
मांडवीकडे जायचं ते सुरसागरला तीन फेऱ्या मारून
दोन तासांनी आली, घामाघूम,
जुडी मात्र घट्ट धरलेली, पार सुकलेली.
माझा हात तिच्या गालाला कधी गेला कळलं नाही,
आणि तोंडून निघालं.

तिनं कोथिंबीर ओट्यावर ठेवली.
हळूच, आवाज न करता.
दार लागलं.

आज पाचवा दिवस.
मी मोजते आहे.
मागच्या कुंडीत नवी माती भरली आहे,
रोज थोडं पाणी घालते.